पक्ष्याच्या पायातले कडे आणि जायकवाडीचे पाणी

जालना शहरातील मस्तगड हे आज गजबजलेल्या वस्तीचे नाव आहे. १७२५ साली पहिल्या निजामाच्या आज्ञेवरून काबिल खानाने शहराच्या पूर्वेस जो किल्ला उभारला, त्याच्या बालेकिल्ल्याचे हे नाव. पुढे राज्ये गेली, बुरूज ढासळले आणि गॅझेटियर लिहिणाऱ्यांना त्या बालेकिल्ल्यात नगरपालिकेच्या कचेऱ्या आढळल्या. राजसत्तेच्या जागी लोकसत्तेची कचेरी बसावी, हा बदल स्वागतार्हच होता. परंतु त्या कचेरीपुढे वर्षानुवर्षे जो मोर्चा येत राहिला तो बहुधा एकाच मागणीचा होता, पाण्याचा. मलिक अंबरच्या अमदानीत जमशेद खानाने मोती तलावातून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळविले. निजामी राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. दोन्ही अपुरे पडले, गाळाने भरले. घाणेवाडीचा गाळ नागरिकांनी पुढाकार घेऊन काढला तेव्हा कोठे त्या तलावात पुन्हा जीव आला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने जे भोगले ते अजून लोकांच्या विस्मरणात गेलेले नाही. आज या शहराच्या पाण्याचा मोठा भाग जलवाहिनीने येतो तो पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून.

हाच जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, ही गोष्ट जालन्यातील किती कार्यकर्त्यांना ठाऊक असेल? अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत डाव्या कालव्याच्या पाण्यासाठी ज्यांनी आंदोलने केली, त्यांना धरणाचे दरवाजे २७ आहेत हे पाठ असते. त्या पाण्यावर भाद्रपद-आश्विनापासून मध्य आशियातून, सैबेरियातून, मंगोलियातून हजारो पक्षी उतरतात हे मात्र त्यांच्या दृष्टीने शाळेच्या सहलीचे प्रकरण असते. या उदासीनतेची किंमत आता द्यावी लागण्याची वेळ आली आहे, म्हणून या विषयाचा विचार पक्षाच्या व्यासपीठावर होणे अगत्याचे झाले आहे.

चळवळीतल्या माणसाच्या मनात पक्षीनिरीक्षणाविषयी एक अढी असते, ती आधी दूर करावयास हवी. दुर्बीण हे साहेबाचे उपकरण, पक्षी पाहणे हा पेन्शनीतल्या अंमलदाराचा विरंगुळा, आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याला चक्रवाकाचे काय कौतुक, असा तो युक्तिवाद असतो. त्यात काही तथ्य आहे. या देशातील पक्षीशास्त्राचा पाया पुष्कळसा शिकारी साहेबांनी आणि संस्थानिकांनी घातला, हे नाकारता येणार नाही. पण १८८३ साली मुंबईत ज्या आठजणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली त्यांत दोन मराठी डॉक्टर होते: एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील, ज्यांच्या घरातून स्त्रीच्या संमतीचा प्रश्न उभ्या देशापुढे गेला. समाजसुधारणा आणि निसर्गविज्ञान ही त्या पिढीला एकाच जागृतीची दोन अंगे वाटत होती. त्यांना विभक्त केले ते नंतरच्या लोकांनी, आणि त्यांत डाव्यांचाही वाटा आहे.

अढीतला दुसरा भाग अधिक गंभीर आहे. अभयारण्य या शब्दाबरोबर गरिबाला कुंपणाबाहेर हाकलणे येते, असा अनुभव आहे. त्याचा विचार पुढे करावयाचा आहेच. तत्पूर्वी पक्ष्याच्या पायात कडे घालण्याचा जो उद्योग चालतो तो काय आहे, हे पाहू.

डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सेन नावाच्या एका शाळामास्तराने १८९९ साली मैनेच्या जातीच्या काही पक्ष्यांच्या पायांत अॅल्युमिनियमची हलकी कडी अडकवली आणि त्यांवर क्रमांक व पत्ता कोरला. एवढाच तो शोध. पक्षी पुढे कोठे मेलेला किंवा पुन्हा पकडलेला आढळला आणि ज्याला आढळला त्याने कड्यावरच्या पत्त्यावर कळविले, तर तो कोठून कोठे गेला व किती काळ जगला हे समजते. त्यापूर्वी स्थलांतराविषयी तर्कांचे पीक होते. कड्याने पुरावा दिला. भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात आरंभले. आजवर या संस्थेने सहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी घातली आहेत. त्यांतील अगदी थोड्यांचीच खबर परत येते. पण येते तेव्हा भरतपूरच्या तळ्यावर कडे घातलेले बदक कझाकस्तानात किंवा सैबेरियात सापडल्याचे कळते, आणि मॉस्कोचे नाव कोरलेले कडे भारतातल्या एखाद्या पारध्याच्या हाती लागते. शीतयुद्धाच्या ऐन भरात, दोन गटांचे मुत्सद्दी एकमेकांशी बोलत नव्हते तेव्हाही हा टपालव्यवहार चालू होता.

या टपालव्यवहारात युद्धखाते शिरले, तो इतिहास मात्र चळवळीने विसरता कामा नये. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मेली आणि माणसे तापाने फणफणली. रोगाचा विषाणू रशियातील एका मेंदुज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा निघाला. तो गोचिडांमार्फत पसरतो. तेव्हा सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तर तो येथे आणला नसेल ना, असा संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि १९५९ पासून सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम सुरू झाले. संशयाला पुरावा मिळाला नाही. पण पुढे पैशाचा स्रोत बदलला: बँकॉक येथील अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेमार्फत चाललेल्या, स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांच्या पाहणीत भारतातील हे काम गुंफले गेले. १९७४ साली वृत्तपत्रांतून याला वाचा फुटली आणि १९७५ मध्ये ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या लोकलेखा समितीने, डासांच्या जननिक नियंत्रणाच्या प्रकल्पासह, परकीय सहभागाच्या अशा संशोधनांचा परखड समाचार घेतला. कोणते पक्षी कोणत्या महिन्यात कोणत्या देशावरून जातात आणि सोबत कोणते जंतू नेतात, ही माहिती एका परकीय लष्कराला कशासाठी हवी होती? हा प्रश्न रास्त होता, आणि तो विचारणाऱ्यांना विज्ञानविरोधी ठरविणे हा त्या काळच्या प्रतिष्ठितांचा लबाडीचा पवित्रा होता.

तथापि त्या प्रकरणातून डाव्यांनी काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. परकीय लष्कराच्या पैशाला विरोध केला, तो योग्यच केला. परंतु मग आपल्या पैशाने, आपल्या लोकांसाठी, उघड्यावर हे काम करा, अशी मागणी करावयास हवी होती, ती झाली नाही. परिणाम काय झाला? ज्या तापापासून हे सारे सुरू झाले तो माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला उतरला आणि काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांचे बळी गेले. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. देशातील तो पहिला प्रादुर्भाव. लक्षावधी कोंबड्या मारल्या गेल्या आणि पोल्ट्रीवर पोट असलेले आदिवासी मजूर एका रात्रीत बेकार झाले. तेव्हा बोट दाखविले गेले ते बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांकडे. रोग पक्ष्यांनी आणला की पिले, खाद्य आणि खुराडी यांच्या व्यापाराने, याचा निवाडा करावयाचा तर कोणता पक्षी कोठून केव्हा येतो याची चोख नोंद हाती पाहिजे. ती ज्या देशात नाही तेथे दोष नेहमी मुक्याच्या माथी जातो, मग तो मुका पक्षी असो की परसात दहा कोंबड्या पाळणारी बाई.

आता हे कडे घालतो कोण, ते पाहावे. शोधनिबंधावर शास्त्रज्ञाचे नाव असते. पण जिवंत, न दुखावलेला पक्षी त्याच्या हातात येतो तो पारध्याच्या कसबामुळे. सोसायटीच्या कामात बिहारमधील बेगुसरायकडच्या मीरशिकारांनी पिढीजात विद्या ओतली. त्यांतील अली हुसेन यांचे नाव पक्षीशास्त्रज्ञ आदराने घेतात. पाण्यावर चालणाऱ्या पक्ष्याची वाट ओळखून फास कोठे मांडावा, डोळ्यांना न दिसणारे बारीक जाळे वाऱ्याच्या कोणत्या बाजूला ताणावे, अडकलेल्या पक्ष्याचा पंख न मोडता तो कसा सोडवावा, ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकविली जात नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या लोकांचा धंदा गुन्हा ठरला. थोडेजण संशोधनाच्या कामावर लागले, बाकीचे कोठे गेले याची दप्तरे कोणी ठेवली नाहीत.

मराठवाड्यातील फासेपारध्यांची गोष्ट याहून वेगळी नाही, उलट अधिक कडू आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो डाग कागदावरून पुसला गेला. वीस वर्षांनी नवा कायदा आला आणि तितराचा फास पुन्हा पोलिसांच्या हाती पुरावा म्हणून गेला. शिकार चालू द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पण माणसाचे कसब बेकायदा ठरवताना त्याला दुसरे काम देण्याची जबाबदारी राज्याने घेतली नाही, आणि जे काम सहज देता आले असते, म्हणजे पक्षी मोजण्याचे, पकडून कडी घालण्याचे, राखणीचे, ते महाविद्यालयीन स्वयंसेवकांकडून फुकटात करून घेतले. जालना आणि शेजारच्या जिल्ह्यांतील पारधी वस्त्यांत भटक्या-विमुक्तांचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या मागणीचा अवश्य विचार करावा.

येथे मारुती चितमपल्ली यांचे स्मरण होते. सोलापूरच्या कामगारवस्तीच्या परिसरात वाढलेला हा वनाधिकारी २०२५ च्या जूनमध्ये निवर्तला. नवेगावबांधच्या तळ्यावर त्यांनी जे पक्षीज्ञान मिळविले त्याचे श्रेय ते माधवराव पाटील डोंगरवार यांना आणि तळ्यावर जाळे टाकणाऱ्या ढीवरांना उघडपणे देत. पक्ष्यांची मराठी नावे कोशात आणताना त्यांनी ती मासेमाराच्या आणि आदिवासींच्या तोंडून वेचली. सरकारने २०२० पासून त्यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह पाळावयास आरंभ केला. सप्ताहात भाषणे होतात, चित्रस्पर्धा होतात. ज्यांच्याकडून चितमपल्ली शिकले त्या माणसांना त्या सप्ताहात व्यासपीठावर बोलावल्याचे फारसे ऐकिवात नाही.

जायकवाडीकडे वळू. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, आणीबाणीच्या दिवसांत, इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, पंचावन्न किलोमीटर लांब आणि सत्तावीस किलोमीटरपर्यंत रुंद पसरलेले पाणी, एकंदर साठा सुमारे १०२ अब्ज घनफूट आणि त्यांतला सुमारे २६ अब्ज घनफूट मृतसाठा. गोदाकाठची काळी, सुपीक जमीन त्याखाली गेली, गावे उठली. धरण सपाटीवर असल्याने पाणी पसरट आणि उथळ राहिले. अभियंत्याच्या लेखी हा मोठा दोष, कारण उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी उडून जाते. पक्ष्यांच्या लेखी हाच गुण ठरला. पाणी जसजसे ओसरते तसतशी चिखलाची, पाणवनस्पतींची, किड्यामुंग्यांची नवी नवी किनार उघडी पडते आणि त्या किनारीवर तुतवार, चिखले, करकोचे चरतात; आतल्या उथळ पाण्यावर चक्रवाक, थापट्या, तलवार बदके, आणि कधी रोहितांचे थवे. काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या कपाळाच्या एका पाणपक्ष्याला मराठी माणसाने वारकरी हे नाव दिले आहे. कपाळावरचा बुक्का तेवढा उलट्या रंगाचा. एकनाथांच्या पैठणला हे वारकरी थव्यांनी येतात, हा योग मोठा मजेचा आहे.

पण ओसरत्या पाण्याची तीच किनार गाळपेरीची जमीन आहे. ज्यांची शेते बुडाली त्यांना पाणी उतरल्यावर त्याच मातीत एका हंगामाचे पीक काढण्यासाठी पट्ट्याने जमीन देण्याची पद्धत पडली. उपकाराची भाषा केली जाते. वस्तुतः ज्याचे बुडाले त्याला त्याच्याच बुडालेल्या वावराचा एका हंगामापुरता केलेला तो परतावा आहे. शिवाय या पाण्यावर भोई आणि कहार समाजाची शेकडो कुटुंबे मासेमारीवर जगतात. आणि मालकी पाहावी तर पाणी जलसंपदा खात्याचे, मासा मत्स्य खात्याचा, पक्षी वनखात्याचा. तीन खाती एकमेकांशी पत्रव्यवहार करतात. काठावरच्या माणसाला तिन्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पक्ष्यांच्या चराईचे क्षेत्र म्हणून गाळपेर बंद करा असे एक म्हणतो, प्रकल्पग्रस्तांचा हक्क म्हणून ती चालू ठेवा असे दुसरा, आणि खते-औषधे किती मारली जातात, विजेच्या मोटारी किती बसतात, पट्टे खरोखर प्रकल्पग्रस्ताकडे आहेत की त्याच्या नावावर गावचा पुढारी कसतो, याची चौकशी कोणी करीत नाही. वादाचा खरा मुद्दा या शेवटच्या प्रश्नात दडलेला असण्याचा संभव अधिक.

कुंपण घातले की पक्षी वाचतात, या समजुतीचा निकाल भरतपूरला लागलेला आहे. केवलादेवच्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांच्या म्हशी चरत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या नावाने चराई बंद झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निदर्शकांवर गोळीबार झाला, माणसे मारली गेली. आणि त्यानंतर? बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी तेथे १९८० पासून दहा वर्षे अभ्यास केला, आणि त्यांच्या ध्यानात आले की म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यात एका जातीचे गवत माजले, उघडे पाणी आकसले आणि बदकांना उतरण्यास जागा कमी पडू लागली. म्हैस त्या तळ्याची शत्रू नव्हती. ती त्या तळ्याचा भाग होती. संरक्षणाच्या आग्रहात असलेल्या शास्त्रज्ञांनी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, हा त्यांचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. गोळ्या झाडण्यापूर्वी कोणी गुराख्याला विचारले असते तर हे ज्ञान फुकट मिळाले असते.

याच्या उलट उदाहरणही आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाच्या काठी ससाण्याच्या कुळातल्या अमूर पक्ष्यांची २०१२ पर्यंत जाळी लावून बेसुमार शिकार होत असे. ग्रामपरिषदांनी आणि चर्चने एका वर्षात ती थांबविली. पुढल्या वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविण्यात आली. त्यांतील एकाचे नाव पांगती, जाळी टाकणाऱ्या गावाचेच नाव. हे पक्षी सैबेरियाकडून येतात, भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेत जातात. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी सोमालियाच्या किनाऱ्यावर पोहोचला, हे ज्या गावाला कळते ते गाव त्याच्यावर जाळे टाकीत नाही. मुंबईत ठाणे खाडीवर २०२२ मध्ये सहा रोहितांना अशी यंत्रे बसविली. ते गुजरातपर्यंत ये-जा करीत असल्याचे दिसले. त्या खाडीलगतच्या, उरण-पनवेलच्या ज्या पाणथळ जमिनींवर भरतीच्या वेळी हे पक्षी विसावा घेतात त्यांना भराव घालण्याची घाई कोणाला आहे, हे १९८४ चा जासईचा लढा ज्यांना आठवतो त्यांना वेगळे सांगावयास नको.

नाथसागरात हा सारा प्रश्न पाण्याच्या हिशेबाशी येऊन भिडतो. वरच्या धरणांनी पाणी अडविले की खालचे जायकवाडी रिते राहते, हे मराठवाड्याचे जुने दुखणे. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. मेंढेगिरी समितीने सूत्र दिले, २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावयाचे. योगायोग असा की नेमक्या त्याच पंधरवड्यात पाहुणे पक्षी तळ्यावर जमू लागतात. पण या हिशेबाच्या वहीत सिंचन आहे, पिण्याचे पाणी आहे, कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात त्या वेळच्या औरंगाबादच्या मद्य कारखान्यांचे पाणी तोडण्याचा आदेश खंडपीठाला द्यावा लागला, इतकी कारखान्यांची त्या वहीत पत होती! खुद्द जलाशयाच्या नावाने, त्यातल्या माशाच्या आणि काठच्या माणसाच्या नावाने मात्र एक थेंबही मांडलेला नाही.

यात भर पडली आहे ती तरंगत्या सौरप्रकल्पाची. अभयारण्याभोवती २०१७ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. त्यानंतर जलाशयावर सौरपट्ट्या पसरण्याची योजना पुढे आली, तिच्याविरुद्ध कहार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०२४ मध्ये अर्ज फेटाळला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कायद्याच्या अंगाने दार बंद झाले आहे. परंतु पक्षी अभयारण्यावरील संकटाची तक्रार घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या कोणी चढल्या, ते नीट पाहावे. मासेमार चढले. ज्यांना वर्षानुवर्षे अभयारण्याचे विरोधक म्हणून रंगविले गेले तेच पाण्याच्या बाजूने उभे राहिले, आणि शहरातल्या निसर्गप्रेमींपैकी फार थोडे त्यांच्या शेजारी दिसले. पक्षाचे कार्यकर्तेही दिसले नाहीत, हेही याच ठिकाणी नमूद करणे प्राप्त आहे.

सूर्यावरच्या विजेला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. कोळशाच्या धुराने आधी मरतो तो गरीबच. प्रश्न जागेचा, मालकीचा आणि हिशेबाचा आहे. शेकडो किलोमीटर कालवे उघडे पडले आहेत, जालन्याच्या पोलाद कारखान्यांची आणि शेंद्रा-वाळूजच्या उद्योगांची अफाट छपरे रिकामी आहेत; ती सोडून उथळ पाणी झाकावयाचे तर त्या झाकणाखाली मासा किती उरतो, जाळे टाकण्याची वाट कोठून जाते, पक्षी कोठे उतरतो, याची निदान पुऱ्या स्थलांतर-हंगामाची पाहणी तरी आधी व्हावी. आणि ती कोणी करावी? कंत्राटदाराने नेमलेल्या सल्लागाराने खचित नव्हे.

येथेच पक्ष्याच्या पायातले कडे चळवळीच्या हाती हत्यार म्हणून येते. जायकवाडीवर दर हंगामात नेमाने पक्ष्यांना कडी घातली, जानेवारीच्या पाणपक्षी गणनेचे आकडे वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने नोंदविले, आणि ते तहसील कचेरीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागले, तर पाणी उशिरा सुटले त्या वर्षी काय झाले, सौरपट्ट्या आल्यावर काय झाले, गाळपेर बंद केल्याने खरोखर पक्षी वाढले काय, हे वादविवादाऐवजी आकड्यांनी सांगता येईल. आजची स्थिती अशी की एखाद्या मासेमाराच्या जाळ्यात कडे असलेला पक्षी मेलेला सापडला तर तो ते कडे पाण्यात फेकून देणेच शहाणपणाचे समजेल. कारण कड्याची बातमी देणारा स्वतःच आरोपी होण्याची त्याला भीती आहे. ही भीती काढण्यास कायदा बदलावा लागत नाही. कडे आणून देणाऱ्याची चौकशी होणार नाही, उलट त्याला मोबदला मिळेल, एवढे वनखात्याने लेखी जाहीर केले तरी पुरे.

तेव्हा पैठण, अंबड आणि घनसावंगीच्या तालुका समित्यांनी येत्या शरदात काही नेमकी कामे हाती घ्यावीत. काठावरच्या गावांच्या ग्रामसभांतून गाळपेरीच्या पट्ट्यांची यादी जाहीर वाचून घ्यावी आणि कसणारा कोण ते तपासावे. मासेमार सहकारी संस्थांच्या सभासदांना पक्षीगणनेत रोजगार हमीच्या दराने का होईना, पण मजुरी देऊन घेण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लावून धरावी. अभयारण्याच्या सल्लागार समितीवर भोई, कहार आणि पारधी यांचे प्रतिनिधी असावेत. नामनियुक्त नव्हे, त्यांनी निवडून दिलेले. सौरप्रकल्पाचा करारनामा, त्यातील वीज कोणास व कोणत्या दराने जाणार, आणि मासेमारांच्या नुकसानीची तरतूद काय, ही कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागवून जालना, पैठण व शेवगावच्या जाहीर सभांतून वाचली जावीत. जालन्याच्या महापालिकेने पाण्याच्या बिलावर जलाशयाच्या साठ्याचा आकडा छापावा, ही मागणी किरकोळ वाटेल. पण नळाचे पाणी कोठून येते हे माहीत नसलेला ग्राहक उद्या कहारांच्या मोर्चात येणार नाही.

१५ ऑक्टोबरला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत साठ्याचा आकडा मांडला जाईल तेव्हा त्या कचेरीच्या दारात शेतकरी असतीलच. त्यांच्या बरोबरीने यंदा होड्या बांधून ठेवून आलेले मासेमारही असावेत, आणि त्यांच्या हाती त्या पंधरवड्यात तळ्यावर उतरलेल्या पक्ष्यांची, त्यांनी स्वतः मोजलेली यादी असावी.